वर्षाराणीची जट

काळे केस पांढरे व्हायला माणसाला उभा जन्म लागतो. वर्षाराणीने ते पिवळे करायला एकच दुपार घेतली, आणि तीही पुरती जमली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती अंबाजोगाईहून चौसाळ्याजवळच्या आपल्या गावी आली होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. होस्टेलमधल्या दोन मुलींनी केसांत सोनेरी बटा काढून घेतल्या होत्या आणि तेव्हापासून त्या आरशासमोरून हलत नव्हत्या. आपणही एखादी बट काढावी, ओढणीखाली झाकून ठेवावी, एवढीच हिची हौस. गल्लीतली मैत्रीण करिष्मा चौसाळ्याच्या एका पार्लरात अधूनमधून मदतीला जायची. तिने ब्लीचच्या पावडरचं पाकीट आणि त्यात कालवायच्या औषधाची बाटली आणली. "त्यात काय एवढं?" ती म्हणाली. हे वाक्य ज्या कामाच्या आधी बोललं जातं ते काम हमखास अंगाशी येतं, पण विशीच्या आत हे कोण कुणाला सांगणार!

घरची माणसं कापूस वेचायला गेली होती. बट राहिली बाजूला. पाकीट फोडलंच आहे तर वाया कशाला घालवायचं, म्हणून करिष्माने सगळ्या डोक्यालाच लावायला घेतलं. सुरुवात केली मुळांपासून. खरं तर मुळं शेवटी धरायची असतात, कारण टाळूच्या उबेने तिथला रंग आधी उडतो. पुढे मिश्रण पुरणार नाही या धास्तीने टोकांना नुसतं पुसल्यासारखं लावलं, आणि शेवटी वाटीत बरंच उरलं ते मानेवरच्या केसांवर थापलं. वरून कॅरीबॅग बांधून दोघी गच्चीवर उन्हात जाऊन बसल्या. उन्हात लवकर होतं, म्हणे.

झालं मात्र लवकर. मुळं हळदीसारखी पिवळी, मधला भाग विटकरी, टोकं होती तशीच काळी. मानेवरचे केस तर ओले असताना ओढले की रबरासारखे ताणले जात होते. करिष्माचा चेहरा उतरला. वर्षाराणीच्या तोंडचं पाणीच पळालं, कारण तिला आरशात केस दिसत नव्हते, आबा दिसत होते.

आबा म्हणजे तिचे वडील, बद्रीनाथ. भावकीत कुणाचीही पोरगी बारावीच्या पुढे गेली नव्हती. सगळ्यांचा विरोध अंगावर घेऊन त्यांनी हिला अंबाजोगाईला ठेवलं होतं, आणि एस्टीत बसवताना एवढंच म्हणाले होते, "लोकांनी माझ्याकडं बोट करावं आसं काय बी केलंस, त्या दिवशी पेटी उचलायची आन् घरी यायचं." आबांनी आवाज कधी चढवला नाही. त्यांचा हात मात्र फार जड होता, आणि शब्द त्याहून.

म्हणून दोघींनी घाईघाईत दुरुस्ती आरंभली. गावातल्या दुकानातून काळ्या मेंदीची पुडी आणली आणि थापली. पिवळ्यावर काळं काही चढलं नाही, शेवाळी हिरवं चढलं. मग ते काढायला कपड्याचा साबण आणि बोअरचं खारं पाणी. हिरवं बरंचसं गेलं, खालचं पिवळं पुन्हा वर आलं. वर्षाराणीने रडत रडत डोकं चोळलं, पिळलं, केस वर गोळा करून टॉवेलात बांधले. संध्याकाळी घरची माणसं आली तेव्हा तिच्या डोक्याला घट्ट ओढणी होती. सर्दी झाली म्हणाली.

ती सर्दी काही बरी होईना. ती ओढणी बांधूनच जेवायची, ओढणी बांधूनच झोपायची. केसांत कंगवा घालायचं धाडस नव्हतं. ओढला की मूठभर तुटून हातात यायचे. ओले बांधलेले, जळालेले केस एकमेकांत रुतत गेले. एका सकाळी तिने मानेवर बोटं घातली तर बोटं आत जाईनात. तिथे मुठीएवढा एक घट्ट गोळा झाला होता.

मंगळवारी तिची चुलती विमलबाई अंगणात आली. पलीकडच्याच घरात राहायची. पंचक्रोशीत कुणाच्या अंगात येतं, कुणाचा नवस फिटायचा राहिलाय, याची बित्तंबातमी तिच्याकडे असायची. "आगं, कावून ती ओढनी बांधून बसलीस? ताप बीप हाय का बघू," म्हणत तिने कपाळाला हात लावला आणि ओढणी सरकली. नेमके त्याच वेळी आबा फाटकातून आत आले.

त्यांनी ते डोकं बघितलं. क्षणभर त्यांना काही उमगलं नसावं, मग उमगलं. ते सरळ चालत आले आणि त्यांचा हात वर गेला. वर्षाराणीने डोळे मिटून घेतले.

हात खाली आलाच नाही, कारण विमलबाई किंचाळली. "दादा, हात लावू नगा! जट हाय! आईची जट आलीय पोरीला! ह्यो बगा गोळा, आन् ह्यो बगा भंडारा, आपसूक उतरलाय टकुऱ्यावर!"

वर्षाराणीने डोळे उघडले. आबांचा वर गेलेला हात तसाच हवेत होता. मग दुसरा हात त्याच्याजवळ गेला आणि ते दोन्ही हात जोडले गेले.

त्याच वेळी ती बोलली असती तर? एक थप्पड बसली असती, कदाचित दोन. पण जी थप्पड टळली ती मागून कोण घेणार? ती गप्प बसली. आगीतून फुफाट्यात पडायला माणसाला नुसतं गप्प बसणं पुरतं.

आबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. ज्या माणसाच्या पायातली चप्पल ऐकली तरी घर सावरून बसायचं, त्याने लेकीच्या पायावर डोकं टेकवलं आणि तो म्हणाला, "आई, चूक झाली. पदरात घे."

 थपडेचं भय वर्षाराणीला ओळखीचं होतं. हे नवं होतं आणि याला कुठे धरायचं ते कळत नव्हतं.

दुपारपर्यंत गल्ली लोटली. गोळ्याला हळदकुंकू चोपडलं. घरातला कंगवा विमलबाईने उचलून नेला, न्हायचं नाही म्हणून बजावलं, कात्रीचं तर नावही काढू नको. जटेला लोखंड लागलं की घरातला कर्ता माणूस जातो, असं ती सगळ्यांदेखत सांगत होती. बायका ओटी भरून जात. एकीने आपलं तापलेलं लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. वर्षाराणीला त्या लेकराचं अंग किती भाजतंय ते कळलं. "दवाखान्यात न्या हो याला," ती कळवळून म्हणाली, तर ती बाई आनंदाने रडायला लागली. देवीने तोंडाने सांगितलं म्हणाली. गेली एकदाची दवाखान्यात, एवढंच बरं झालं.

रात्रीची जेवणं झाल्यावर आबांनी ठरलेलं सांगितलं. पुनवेला डोंगरावर देवीकडे जायचं. तिथे हिच्या गळ्यात माळ घालायची, हातात जोगव्याची परडी द्यायची. एकदा पोर देवीची झाली की लग्न नाही, शिक्षण नाही. होस्टेलवरचं सामान ते नंतर जाऊन आणणार होते.

वर्षाराणीची पाचावर धारण बसली. पांघरुणात तोंड घालून तिने मोबाईलवर शोधलं. एक बाई हसत हसत सांगत होती की असं तर पुष्कळांचं होतं, घाबरायचं नाही. गुंत्याला भरपूर तेल लावा, बोटांनी सुटा करा, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर जा, जो भाग सुटणारच नाही तो कापून टाका. पिवळ्या केसाला आधी लाल रंग द्या, मग काळा बसतो, थेट काळा लावला तर हिरवा दिसतो. इलाज म्हणजे तेलाची वाटी आणि एक सकाळ. आणि तिला तर आपल्याच केसांना हात लावायची बंदी होती.

सकाळी ती आबांकडे गेली. सगळा धीर गोळा करून म्हणाली, "आबा, ती जट न्हाई. म्या ब्लीच केलंतं. करिष्मानं पावडर आणलती. मारा मला, पन मला डोंगरावर नेऊ नका."

 आबांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी करिष्माला बोलावणं धाडलं. ती आली, अंगणातली हळद, नारळ, बायका बघितल्या, आणि तिने कानावर हात ठेवले. "मला काय म्हाईत न्हाई काका. म्या तर सुट्टीत हिच्याकडं आलेच न्हाई."

"बगा," विमलबाई म्हणाली, "आईच परीक्षा घेतीया. कोन किती खरं हाय ते बगतीया."

आबांनी मान डोलावली, आणि वर्षाराणीला कळून चुकलं. त्यांना ब्लीच पटू शकत नव्हतं. पटवून घ्यायचं तर सगळ्या गावादेखत आपण एका पावडरच्या पाया पडलो हे कबूल करायचं होतं. देवी त्यापेक्षा सोपी होती. आणि कर्त्या माणसाच्या जिवाचं जे विमलबाई बोलली होती, ते आबांच्याही काळजात जाऊन बसलं होतं. तिने पुन्हा सांगितलं, रडून सांगितलं, ओरडून सांगितलं. जितकी ती ओरडली तितके लोक अंग चोरून मागे सरले आणि हात जोडून उभे राहिले.

तिला स्वतःच्याच डोक्याची भीती वाटायला लागली. मानेला तो गोळा टोचायचा, आत खाज सुटायची, हळद आणि तेलकट वास दिवसभर नाकात. कधी कधी वाटायचं, खरंच असेल तर? ब्लीच तर सगळ्या डोक्याला लावलं, गोळा एकाच जागी कसा झाला? मग ती स्वतःला बजावायची की तिथे करिष्माने उरलेलं थापलं होतं. हे ती मनातल्या मनात घोकत बसायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकावं तसं.

या सगळ्यात तिची माय, रतनबाई, एक अक्षर बोलली नव्हती. आल्या-गेल्याला चहा द्यायची, नारळ उचलून ठेवायची, आणि लेकीच्या जवळून जाताना नजर चुकवायची. वर्षाराणीने तिचीही आशा सोडली होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी आबा जीप ठरवायला चौसाळ्याला गेले. विमलबाई सामान आणायला त्यांच्यासोबतच गेली. माय आत आली आणि तिने दाराला कडी घातली. तिच्या एका हातात खोबरेल तेलाची बाटली होती, दुसऱ्या हातात शिलाई मशीनची मोठी कात्री.

"बस खाली," ती म्हणाली.

वर्षाराणी बसली. मायने मागे बसून ओढणी सोडली. कात्री गोळ्यापाशी नेली आणि परत खाली ठेवली.

"माझ्या थोरल्या बहिनीला जट व्हती," माय म्हणाली. "सुंदरा तिचं नाव. तुला कदी सांगितलं न्हाई. ल्हान असतानाच तिच्या गळ्यात माळ घातली. ती जट वाढून वाढून कमरंखाली गेलती. मान वाकडी झालती तिची त्या वजनानं. मी रोज सकाळी तिच्या पाया पडायची. एक दिस ती मला म्हनली, रतन, पाया नगं पडू, जरा आतून खाजव, लई खाजतंय."

"मग?"

"म्या न्हाई खाजवलं. जटंला हात कसा लावायचा? मला भ्या वाटलं. त्याच साली गेली ती."

वर्षाराणी मागे वळली. "माय, पन माझी जट न्हाई गं ती. ब्लीच हाय. देवाशप्पथ ब्लीच हाय."

"आसंल," माय म्हणाली. "मला त्यातलं काय कळत न्हाई."

ती उठून देव्हाऱ्यापाशी गेली. दिवा लावला. काडी दोनदा विझली. मग डोक्यावर पदर घेऊन ती देवीशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी. "पोरगी म्हनती पावडर हाय. तसं असलं तर बरंच झालं. पन ही तुजीच जट असली तर ध्यानात ठिव आई, हिनं न्हाई कापली. ह्यांनी बी न्हाई. म्या कापली, रतननं. जे काय करायचं ते मला एकटीला कर."

 इतका वेळ वर्षाराणीला वाटलं होतं की मायने तिच्यावर विश्वास ठेवला. मायने ठेवलेला नव्हता. मायच्या लेखी ती जटच होती, खरीखुरी, आणि तिला लोखंड लावलं की जीव जातो हेही तिच्या लेखी खरंच होतं.

"माय, नको," ती एकदम म्हणाली. "राहू दे. नको कापू."

"हालू नको. मान कापंल."

कात्री बोथट होती. गोळा एका दमात तुटला नाही, करकर आवाज करत थोडा थोडा सुटत गेला. शेवटी मान एकदम हलकी झाली. मायने गोळा आपल्या पदरात घेतला, गाठ मारली, आणि उरलेल्या केसांना तेल चोळायला लागली. एकेक बट मुठीत धरून खालच्या टोकाकडून बोटांनी सोडवू लागली, केस ओढला जाऊ नये अशी.

"उद्या पयल्या एस्टीनं अंबाजोगाईला जा," ती म्हणाली. "पेटी भरून ठिवलीय. हितं थांबायचं न्हाई, मला काय बी झालं तरी यायचं न्हाई."

बाहेर जीप थांबली. विमलबाईचा आवाज आला, मग आबांच्या चपला वाजल्या. दाराला कुणीतरी हात घातला, आणि कडी आहे म्हटल्यावर आबांनी हाक मारली.

माय उठली. पदराची गाठ तिने पोटाशी घट्ट धरली होती. लेकीला तिने दाराआड सारलं, कडी काढली, बाहेर गेली आणि दार मागे ओढून घेतलं.

"म्या कापली," बाहेरून तिचा आवाज आला. "पोरीला इचारू नका. ती नगं नगंच म्हनत व्हती."