खाडीच्या तोंडाशी बावीस बोटी

आमच्या धक्क्यावर ज्याला स्वतःच्या इंजिनाचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नाही, त्यालाही डॉल्फिन खाडीत का आले ते मात्र पक्कं ठाऊक होतं. बर्फाच्या कारखान्याचा मालक म्हणाला, समुद्राच्या तळाशी भूकंप होणार आहे, जनावरांना आधी कळतं. धक्क्याचे मास्तर म्हणाले, बाहेर मोठा शार्क फिरतोय. कुणी म्हणालं पाणी तापलंय, कुणी म्हणालं हा शुभशकुन आहे. मी वर्कशॉपच्या दारात बसून डिझेलची नोझल साफ करत होते. मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही, असं मी म्हणते. सूनबाईला विचाराल तर ती वेगळं सांगेल.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करते. वडिलांच्या हाताखाली शिकले. या धक्क्यावर अशी एक बोट नाही जिचं पोट मी उघडून पाहिलेलं नाही. लोक मला इंजिनमावशी म्हणतात. आमचे चिरंजीव पर्यटकांची बोट चालवतात, आणि सून समुद्री प्राण्यांच्या खात्यात अधिकारी आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, पण बदली होऊन आमच्या घरी राहायला ती आली सहा महिन्यांपूर्वी. सासू हातात पाना घेऊन आणि सून गळ्यात दुर्बीण घालून, अशी आमच्या स्वयंपाकघराची शोभा आहे.

पहिल्या दिवशी दीडदोनशे डॉल्फिन होते. नुसता पाठींचा बाजार. रात्री भांडी घासताना मी तिला म्हटलं, "सगळे बरळतायत. तू शिकलेली, तू सांग. का आले?"

"बारीक मासळीमागे आले असतील. पक्षी बघितलेत ना, कसे तुटून पडत होते? किंवा बाहेर कशाला तरी घाबरले असतील. कधी पाण्यातला मोठा आवाज असतो, कधी कळपातला म्हातारा आजारी असतो, बाकीचे त्याला सोडून जात नाहीत."

"एक काय ते सांग."

"एकच नसतं, आई."

"इंजिन धूर टाकायला लागलं तर गिऱ्हाईकाला असं सांगून बघ. पाना फेकून मारेल."

ती हसली नाही. ताट पुसत पुसत तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर घरात कुणालाच सांगितली नव्हती. आधीच्या ठिकाणी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, असेच डॉल्फिन उथळात आले होते. का आले, का अडकले, हे ठरवेपर्यंत ओहोटी लागली. सकाळी एकेचाळीस गाळात पडलेले होते. मोजताना चूक होऊ नये म्हणून तिने एकेकाच्या पाठीवर खडूने आकडा लिहिला. "काही जिवंत होते अजून," ती म्हणाली. "मी आकडा लिहीत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. परत तसं झालं तर मी हे काम सोडेन, आई. मला नाही झेपणार."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि फडताळात ठेवलं. पण त्या रात्रीपासून डॉल्फिन माझेही झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पक्षी निघून गेले. म्हणजे मासळी संपली होती. डॉल्फिन मात्र तिथेच, उलट वाढलेले. आणि त्या दिवशी उधाण होतं, म्हणजे ओहोटीही सगळ्यांत मोठी. आमच्या खाडीचं आतलं अंग म्हणजे सगळा गाळ. उधाणाची ओहोटी लागली की गुडघाभरही पाणी राहत नाही. बाहेर जायला एकच वाट, खाडीचं तोंड, तेही चिंचोळं. ओहोटी पुरी व्हायची होती साडेचारला. सूनबाईने हिशोब सांगितला: चारच्या आत बाहेर पडले तर पडले.

आणि तोंडाशी दोन्ही अंगांना बावीस बोटी उभ्या होत्या. तीन दिवसांत बातमी पसरली होती, लोक लांबलांबून डॉल्फिन बघायला आले होते. गेलं वर्षभर आमच्या बोटवाल्यांनी खुर्च्या पुसून पुसून झिजवल्या होत्या, त्यांना आता श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यात आमचे चिरंजीव सर्वांत पुढे.

"ते तोंडापर्यंत येतात आणि बोटींपाशी परत फिरतात," सूनबाई धक्क्यावर नवऱ्याला म्हणाली. "सकाळपासून पाच वेळा बघितलंय मी."

"आम्ही मधे थोडेच असतो? दोन्ही बाजूंना उभे असतो. मधे एवढी जागा आहे."

"आवाज आहे ना पण!"

"मग काय बोटी हलवू? बावीस इंजिनं एकदम हलली तर आवाज कमी होईल की जास्त?"

त्यात तथ्य होतं, हेच वाईट होतं. नवराबायको दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? घरघर नेमकी कुठून येते हे कळत नसेल तर मी एकच करते. एकेक गोष्ट बंद करत जाते. जे बंद केल्यावर घरघर थांबते, तिथे दोष. पहिलं, इंजिनं बंद करा."

मास्तर कुरकुरले, पण त्यांनी वायरलेसवरून सगळ्यांना सांगितलं. दुपारी अडीच ते तीन, अर्धा तास, सगळ्यांनी नांगर टाकून इंजिनं बंद ठेवायची. खात्याची एक जुनाट होडी आहे, तिच्या यंत्राने तेव्हाच दगा दिला होता. म्हणून सूनबाईला मीच वल्हवत तोंडापाशी नेलं. या वयात. खांद्यांनी दुसऱ्या दिवशी मला चांगलंच सुनावलं.

अडीचला एकेक इंजिन गप्प झालं. पाण्यावर एवढी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. डॉल्फिन आले. अगदी शिस्तीत, पुढे पाचसहा मोठे, मागे सगळा जमाव, तोंडाच्या दिशेने. सूनबाईने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. पहिल्या बोटीपासून शंभरेक फुटांवर आले, आणि फिरले. सगळेच्या सगळे. परत आत.

पुन्हा आले, पुन्हा फिरले.

सूनबाईच्या हातातल्या वायरलेसवर आवाज सुरू झाले. "बघा, बोटींचा काही दोष नाही!" "आमच्या माथी उगाच खापर!" "लोक कंटाळलेत मास्तर, पैसे परत मागतायत!" मास्तर म्हणाले, "बाई, तीन वाजले. मी आता अडवू शकत नाही कुणाला."

सूनबाई खाडीच्या आतल्या बाजूला बघत राहिली. तिथे गाळाची पहिली काळी पट्टी उघडी पडली होती. मी तिचा चेहरा पाहिला. माणूस मनातल्या मनात राजीनामा लिहीत असेल तर कसा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि तेवढ्यात मला गाणं ऐकू आलं.

कुठल्यातरी बोटीवर गाणं वाजत होतं. मोठ्या कर्ण्यातून, ठसक्यात. मला आधी रागच आला, म्हटलं इथे काय चाललंय आणि यांची मैफल बघा. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिन बंद, तर गाणं कशावर वाजतंय?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बोटींची जुनी डिझेल इंजिनं किल्लीने बंद होत नाहीत. एक दांडी असते, ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. किल्ली तशीच भोकात फिरवलेली राहते. दिवे चालू, गाणी चालू, वायरलेस चालू. आणि फिशफाइंडर चालू.

फिशफाइंडर म्हणजे बोटीच्या तळाला बसवलेलं, मासे शोधायचं आणि पाण्याची खोली दाखवायचं यंत्र. ते पाण्यात सतत टकटक करतं आणि खालून येणारा पडसाद ऐकतं. ती टकटक आपल्या कानाला लागत नाही. आमचे लोक ते बंद करायला विसरायचे, बॅटरी उतरायची, आणि पहाटे माझं दार ठोठावायचे, मावशी बोट सुरू होईना. शेवटी वैतागून मी बावीसच्या बावीस बोटींवर ती तार सरळ किल्लीला जोडली. किल्ली काढली की यंत्र बंद, किल्ली फिरवली की चालू. वेगळं बटण मी ठेवलंच नाही. आता राहिलंय ते फक्त पडदा विझवायचं बटण. पडदा काळा झाला की बिचाऱ्यांना वाटतं यंत्र बंद झालं. या युक्तीबद्दल मी दोन वर्षं धक्क्यावर छाती फुगवून हिंडले होते.

"सूनबाई," मी म्हटलं, "फिशफाइंडरचा आवाज त्यांना ऐकू येतो?"

"आपल्याला नाही, त्यांना स्पष्ट येतो. पण ते बंद करायला मी सकाळीच सांगितलंय. सगळ्यांनी केलेत."

"केलेले नाहीत," मी म्हटलं. "होतच नाहीत. मी तसं करून ठेवलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं.  मी तिच्या हातातून वायरलेस घेतला.  चाळीस वर्षं या धक्क्यावर मी दुसऱ्यांच्या चुका काढून खाल्लंय.

"मी मावशी बोलतेय," मी म्हटलं. "कुणी इंजिन सुरू करू नका. चूक तुमची नाही, माझी आहे. तुमचे फिशफाइंडर चालूच आहेत. तार मी किल्लीला जोडलीय, पडदा विझवून काही होत नाही. किल्ल्या काढा."

वायरलेसवर खरखर झाली. मग चिरंजीवांचा आवाज आला. "आई, तू तर म्हणायचीस तुझ्या वायरिंगमध्ये खोट काढून दाखवा."

"काढली. मीच काढली. आता किल्ली काढ."

"किल्ली काढली की वायरलेसही बंद पडेल. कुणी काढली, कुणी नाही, तुला कळणार कसं?"

"काढलेली किल्ली हातात घ्या आणि हात वर करा. मी मोजते."

आधी काहीच झालं नाही. मावशीची चूक पचायला लोकांना माझ्याहूनही जास्त वेळ लागला असावा. मग सगळ्यांत टोकाच्या बोटीवर एक हात वर गेला. उन्हात किल्ली चमकली. मग दुसरा, मग तिसरा. गाणं मधेच तुटलं. वायरलेसवरचे आवाज एकेक करून विझत गेले. मी होडीत उभी राहून मोजत होते. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस.

राहिला होता माझाच मुलगा. त्याची बोट सगळ्यांत पुढे, तोंडाच्या अगदी लगत, आणि वर साठ माणसं, काहीजण त्याच्याशी तावातावाने बोलत होते. मी वायरलेसवर हाक मारली, पण त्या कलकलाटात त्याला ती ऐकू गेली नाही. सूनबाई उठून माझ्याशेजारी उभी राहिली. होडी डगमगली. तिने हाक मारली नाही, हातही केला नाही, नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने तिला पाहिलं. मग वाकला, आणि सरळ झाला तेव्हा त्याचा हात डोक्याच्या वर होता.

साडेतीन होऊन गेले होते. आतली काळी पट्टी आता रस्त्याएवढी रुंद झाली होती. एक छोटा कळप तिथे पाण्याच्या कडेला अडकल्यासारखा घुटमळत होता. बाकीचे तिसऱ्यांदा तोंडाकडे आले. शंभर फूट. ऐंशी. पुढचे मोठे थांबले. 

मग पुढचा एक मोठा, पाठीवर जुनी पांढरी खूण असलेला, सरळ निघाला. माझ्या मुलाच्या बोटीच्या आणि समोरच्या बोटीच्या मधून. त्याच्यामागे दुसरा. आणि मग सगळे, पाणी उसळत, पाठीला पाठ लावून. आमच्या होडीच्या दोन्ही बाजूंनी जात होते, एवढे जवळून की त्यांचा फुसकारा माझ्या तोंडावर उडत होता. मासळीचा वास होता त्याला. एक आई होती, तिच्या कुशीला लागून एवढंसं पोर, तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर श्वास घेणारं. बोटींवरचं कुणी ओरडलं नाही. साठ साठ माणसं, आणि टाळीसुद्धा नाही.

गाळाच्या कडेचा तो छोटा कळपही शेवटी हलला. चिखलाने पाणी गढूळ करत, पोटं घासत, पण हलला. शेवटचा डॉल्फिन तोंडातून बाहेर पडला तेव्हा चारला पाच कमी होते.

सूनबाई होडीच्या फळीवर मटकन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ अजून हलत होते.

"दोनशे सत्तावीस," ती म्हणाली. "सगळे गेले. एकसुद्धा राहिला नाही. पण आई, आले का होते, ते मला अजून ठाऊक नाही."

"तसंच लिही अहवालात. आणि का जात नव्हते ते माझ्या नावासकट लिही. लपवू नकोस काही."

"लिहीन," ती म्हणाली, आणि रडतारडता हसायला लागली. मग नाक पुसून विचारलं, "तुम्ही किती मोजले? माझा आकडा ताडून बघते."

"मी नाही मोजले," मी म्हटलं. "मी तुझ्याकडे बघत होते."

ती सरकून माझ्या फळीवर आली, एक वल्हं तिने घेतलं, एक मी, आणि आम्ही परत निघालो.