बांधावरचा माणूस

ज्या वर्षी मी पेणच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायला घेतला, त्या वर्षी त्याच कॉलेजात शिकणारी मालू माझ्याकडे रामवाडीला राहायला होती. गडबपासून आत, खाडीच्या अंगाला तिचं गाव. पावसात एसटी चुकली की तास बुडायचे, म्हणून तिचे वडील हैबतराव तिला आमच्याकडे ठेवून गेले. बाजाराच्या दिवशी ते तांदूळ, वाल असं काहीबाही घेऊन यायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, "बाई, खारातला तांदूळ हाय. तुमच्या दुकानात मिळायचा नाय."

खरंच मिळायचा नाही. खाडीकाठच्या खारजमिनीतला लालसर, जाड दाणा. पेज शिजत घातली की शेजारीण खिडकीतून विचारायची, आज हैबतराव येऊन गेले वाटतं?

मालू ओटीवर बसून वाचायची. पुस्तक इंग्रजी, पण वडील आले की ती मराठीत सांगायची. जहाजं आली, पहिल्याच थंडीत निम्मी माणसं मेली, तिथल्या मूळच्या लोकांनी उरलेल्यांना मका पेरायला शिकवलं. हैबतराव पानाला चुना लावत ऐकायचे.

"म्हंजे पावण्यांना जेवाय घातलं."

"व्हय आबा. मग पावण्यांनी जमीन मागितली."

"आन दिली?"

"थोडी विकली. त्यांना वाटलं, पावण्यांनी पिकवावं, आपणपण जावं-यावं, शिकार करावी. पावण्यांनी कुंपण घातलं."

हैबतराव हसले. "येडे का काय? जमीन देताना तिचं कामबी सांगून द्यावं का नको?"

त्यांच्या गावात जमिनीचं काम म्हणजे बांध. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये चिखलाचा एक लांब बांध होता, त्याच्या भरवशावर सगळं गाव जेवायचं. तो राखणाऱ्या घरांच्या जुटीला जोळ म्हणत. नियम एकच. ज्याचं शेत, त्याचा माणूस बांधावर. उधाणाच्या पाण्याने बांध फुटला, म्हणजे त्यांच्या भाषेत खांड गेली, की डबा बडवायचा, आणि हातातलं काम टाकून प्रत्येक घराने पेंढा, चिखल घेऊन धावायचं. सोयर-सुतक, भांडणतंटा, काही चालायचं नाही. भाऊबंदकीत वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं खांडीत एकमेकांचे हात धरून उभी राहायची, आणि त्यांच्या पाठीमागे बाकीचे चिखल भरायचे.

त्याच हिवाळ्यात एका कंपनीचे लोक जमीन बघायला आले. त्या कंपनीचं नाव सांगून आता उपयोग नाही, तिची पाटीसुद्धा कधीच गंजून पडली. बांधाला लागून असलेली पट्टी हैबतरावांच्या चुलत भावाची, विठूची होती. त्याचे दोन्ही मुलगे रोह्याला शिफ्टवर जात. चिखलात उतरायला घरी कोणी नव्हतं. विठूने पट्टी विकली, आजूबाजूच्या चार घरांनी विकली. हैबतरावांनी विकली नाही. त्यांचं शेत पट्टीच्या आतल्या बाजूला होतं आणि मालूचं शिक्षण त्या शेतावर होतं.

"भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"कशाचं? साहेबांना भेटून आलो. म्हटलं, जमीन घेतली, बरं केलं. आता उधाणाला तुमचा मानूस बांधावर पायजे."

"मग?"

"व्हय व्हय म्हनले. च्या पाजला. बिस्किटबी दिलं."

"लिहून घेतलंत का?"

"बाई, बांधाचं कोन लिहितं? माझ्या बापानं लिहिलं व्हतं?"

मालूने पुस्तकातून मान वर केली नाही. "लिहून तरी काय व्हनार? तिथं लिहिलेलंपण मोडलं."

"गप गो," हैबतराव म्हणाले. "ती अमेरिका. हितं मानसं हायत."

मालूला त्या पुस्तकातला एक भाग फार आवडायचा. शेतकऱ्यांच्या मुली कापडाच्या गिरण्यांमध्ये कामाला गेल्या, दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिल्या, आणि तरी कविता, गोष्टी लिहून त्यांनी स्वतःचं मासिक चालवलं. "बाई, एवढं काम करून सुचायचं कसं त्यांना?" ती विचारायची. तिच्या डोळ्यांत तेव्हा काय होतं ते मला नीट आठवतं.

पुढच्या श्रावणातल्या अमावास्येला तिच्या आईने, ठमाबाईने, मला जेवायला बोलावलं. हमरापूरहून आलेला एक टेम्पो रस्त्यात दिसला, प्लास्टिकखाली गणपती दाटीने बसलेले. मालूच्या गावात भात गुडघ्याला लागत होतं, गर्द हिरवं. ठमाबाईने पान वाढायला घेतलं आणि बांधाकडून डबा वाजला.

हैबतराव भरल्या पानावरून उठले. आम्हीही मागे धावलो. आमच्याकडे अमावास्येची भरती ऐन दुपारी येते. त्या वेळी गावातले तरुण रोह्याला पहिल्या शिफ्टवर होते. धावणाऱ्यांत म्हातारे, बायका आणि मी.

बांधाकडे जाणारी पायवाट विकलेल्या पट्टीतून होती. तिथे काटेरी तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. आत छत्री घेऊन एक परगावचा वॉचमन उभा.

"खोल रे!" हैबतराव ओरडले. "खांड गेली!"

"किल्ली साहेबांकडे आहे, पनवेलला."

"मग तू तरी ये! तुमचा मानूस लागतो बांधावर! साहेब व्हय म्हनले व्हते!"

"मला कोणी सांगितलं नाही, काका."

त्याचीही चूक नव्हती. त्याला खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

बायकांनी पेंढ्याचे भारे तारेवरून फेकले. ठमाबाई तारेतून घुसली, लुगडं फाटलं, दंडातून रक्त आलं. तिच्यामागून आम्ही सगळे घुसून पोचलो तेव्हा खांड बैलगाडी जाईल एवढी होती. हैबतराव आणि तीन म्हातारे हात धरून तिच्यात उतरले. हातांची साखळी पलीकडच्या काठाला पोचेना.

"अजून मानसं!" हैबतराव ओरडत होते. "विठू! ए विठू!"

विठू काठावर उभा होता. तो उतरलासुद्धा. पण त्याचे मुलगे नव्हते आणि कंपनीचा माणूस नव्हता. पाण्याने एका म्हाताऱ्याचे पाय उचलले, साखळी तुटली. सगळ्यांना ओढून काढेपर्यंत बांधाचा मोठा तुकडा कलंडून खाडीत गेला.

मग आवाज असा काही नव्हताच. गढूळ पाणी भातात पसरत गेलं, शेंडे थोडा वेळ हलले आणि दिसेनासे झाले. ठमाबाईने ओंजळभर पाणी जिभेला लावलं. कशाला लावलं कोण जाणे, तिला माहीत नव्हतं का?

"मीठ," ती म्हणाली आणि बांधावरच बसली.

पूर्वी खांड गेली की दिवाळीनंतर जोळ जमून बांध पुन्हा घालायची. त्या वर्षी हैबतराव दारोदार फिरले. ज्यांनी विकलं होतं ते म्हणाले, आमचं काय हाय तिथं? ज्यांचं उरलं होतं त्यांच्यात चिखलात उतरू शकणारे फार थोडे होते. दर भरतीला खांड खोल होत गेली. पुढच्या पावसाळ्यात शेतात पेरायला काही उरलं नव्हतं, मिठाचा पांढरा थर तेवढा होता. आता विकायची म्हटली तरी घेतो कोण? कंपनीलाही ती जमीन नको होती.

मालू परीक्षेला बसली नाही. रोह्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मी तिला रोह्याच्या स्टँडवर गाठलं. हातांना औषधांचा उग्र वास, नखांच्या कडा पिवळ्या. मी मूर्खासारखं विचारलं, "काही लिहितेस का गं?"

ती हसली. "बाई, त्या गिरणीतल्या पोरींची शेतं मागं व्हती. जमलं नाय तर घरी जायला." आणि गाडी लागली म्हणून निघून गेली.

मी निवृत्त झाल्यावर एकदा गडबला उतरून आत चालत गेले. कंपनीने तिथे काहीच बांधलं नव्हतं. कुंपण होतं, फाटक होतं. फाटकाशी खाकी कपड्यांत हैबतराव बसले होते. विठूनेच कोणाला तरी सांगून वॉचमन म्हणून चिकटवलं होतं म्हणे.

"बाई!" ते लगबगीने उठले. कमरेची किल्ली काढून फाटक उघडलं. "किल्ली आता माझ्याकडंच असती."

आम्ही पट्टीतून चालत गेलो. जिथे बांध होता तिथे चिखल, पलीकडे शेताच्या जागी खारफुटीची तिवरं माजलेली. ठमाबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मालूचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भरती चढत होती.

बोलता बोलता ते वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चिखलाचा गोळा उचलला. थापून, घट्ट करून, पूर्वी खांड बुजवताना मागच्या माणसाकडून पुढच्याकडे जायचा तसा. मग हातात धरून नुसते उभे राहिले. ठेवायला जागा शोधत होते असं मला वाटलं. पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं.

"चला बाई," ते म्हणाले. गोळा पाण्यात पडला. त्यांनी हात विजारीला पुसले, आणि खाकीवर डाग दिसल्यावर थुंकी लावून तो घासत घासत माझ्यापुढे फाटकाकडे चालू लागले.