आखूड नळीची रायफल

आल्सीद मिशो मार्चमध्ये गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे शवपेटी चर्चमागच्या कोठीत ठेवली आणि मातीआड केली ती मे महिन्यात. त्याच्या रायफलची वाटणी मात्र प्रार्थनेच्या दिवशीच झाली.

मृत्युपत्र पस्तीस वर्षांपूर्वीचं. त्यात एवढंच होतं: बंदुका मुलाला, घरातलं सामान मुलीला. ते लिहिलं तेव्हा त्याची मुलगी लुदिविन एकोणीस वर्षांची होती आणि तिने बंदुकीला हातही लावला नव्हता. पुढे तिचा धाकटा भाऊ लोरिए दक्षिणेला शहरात विम्याच्या नोकरीवर गेला आणि तिकडचाच झाला. पापांबरोबर देवदारांच्या दलदलीत हरणांच्या शिकारीला जायला कुणी उरलं नाही, म्हणून ती जाऊ लागली. सलग अठ्ठावीस वर्षं, दर नोव्हेंबरात गेली. शेवटची आठ वर्षं पापांचा खांदा कामातून गेला होता. ते बुंध्यावर थर्मास घेऊन बसायचे आणि रायफल तिच्या हातात असायची. तिचे हात आखूड, म्हणून पापांनी स्वतः करवत घेऊन खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता दीड इंच कापून दिला होता. नळी आखूड, वजन बेताचं, खटका खाली-वर केला की दुसरी गोळी तयार. त्या जंगलात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथे लांब बंदूक नेणं म्हणजे शिडी काखेत मारून झुडपात शिरणं.

पण मृत्युपत्र बदलावं हे कुणाला सुचलं नाही. पापांनाही नाही. लुदिविनच्या मनाला लागलं ते हेच.

चर्चमधून परतल्यावर घरी वीसेक माणसं जेवायला होती. लोरिए कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यावर डुकराच्या मांसाची चटणी फासता फासता म्हणाला, "रायफल मी नेतो हं, लुदी. पापांची आठवण."

"ने," ती म्हणाली. वीस माणसांसमोर दुसरं काय म्हणणार?

ऑक्टोबरात तिने त्याला फोन केला. "नोव्हेंबरपुरती दे रे. हंगाम संपला की मी स्वतः आणून देते."

"अगं, ती इकडे कारागिराकडे पडलीय. दस्ता फारच तोकडा होता, चाप ओढला की अंगठा नाकावर! नवा बसवतोय. अक्रोडाचा, मस्त आहे. आणि वर दुर्बीण."

"जुना दस्ता कुठाय?"

"तो कापलेला? काय माहीत. टाकला असेल त्याने."

लुदिविन शाळेची बस चालवायची. त्या दुपारी तिने पोरांना काही कारण नसताना झापलं. बटाट्याच्या शेतांमधून जाणारा तो रस्ता तिला पाठ होता, तरी एक थांबा विसरून पुढे गेली.

शनिवारी ती फेर्नांच्या दुकानात गेली. फेर्नां शाळेत तिच्या वर्गात होता. त्याच्याकडे गमबूट, मासे पकडायचे गळ, बर्फाची फावडी आणि बंदुका, सगळं एकाच छपराखाली मिळे. शेकोटीजवळच्या बाकावर म्हातारा ओनेझिम नेहमीसारखा बसलेला होता. बाहेर थंडी विशेष नव्हती, पण लुदिविन शिकारीचा जाड लोकरी कोट आणि हातमोजे घालून आली होती. बंदूक अंगावर बसते की नाही ते सदऱ्यावर कळत नाही.

फेर्नांने एक नाजूक रायफल पुढे केली. "बाईमाणसाला ही बरी. हलकी. धक्का म्हणून नाही."

"गोळी केवढी?"

"बारीक आहे. पण नेम चांगला असेल तर..."

"फेर्नां, दलदलीतलं हरीण तुझ्या दुकानातल्यासारखं भिंतीला टेकून उभं राहत नाही. फांद्यांआडून नुसती पाठ दिसते, तीही पळती. या गोळीने ते दोन मैल जाऊन मरेल आणि कोल्ह्यांची चंगळ होईल."

"बरं बाई. मग ही घे." आता आली ती लांब नळीची, वर मनगटाएवढी जाड दुर्बीण. "यातून नदीपलीकडच्या कॅनडातल्या गाईची माशी दिसते."

"मला कॅनडातल्या गाई मारायच्या नाहीत."

ओनेझिम बाकावरून खोकत हसला. "कशाला हा खटाटोप, लुदिविन? घरी बसून विणकाम कर. त्याच्या सुया आखूडच असतात."

"तुमच्या मोज्याला भोक पडलंय, ओनेझिम. आधी ते बुजवून घ्या."

शेवटी तिला हवी ती मागच्या रांगेत सापडली. जुनी, वापरलेली, कुरूप. नळी पापांच्या रायफलहूनही आखूड. खटक्याऐवजी नळीखालची लाकडी मूठ मागे-पुढे ओढायची, की काडतूस आत. नळीवर ओरखडे होते, पण आतून आरशासारखी स्वच्छ. तिने ती एका हातात धरली आणि लोंबत्या जाकिटांच्या रांगांमध्ये शिरली. वळली, वाकली, पुन्हा बाहेर आली. एकही बाही अडकली नाही. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. नेम वर गेलेला होता.

"दस्ता लांब आहे," ती म्हणाली. "तो मी कापेन. नेम धरायच्या चकतीचं भोक मात्र मोठं करून दे. एवढ्याशा भोकात बर्फ अडकतो."

"दुर्बीण नको?"

"नको. मला हरीण बघायचंय, त्याचा एक केस नाही."

फेर्नांने मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून पाहिलं असावं. तिला त्याचाही रागच आला.

घरी पापांच्या सुतारकामाच्या बाकावर तिने दस्ता शिकंज्यात आवळला. पापांनी कापला होता तेव्हा तीनदा मोजलं होतं, तिने पाचदा मोजलं. कापल्यावर कडा घासून गुळगुळीत केल्या, टोकाला रबराची गादी बसवली. अर्ध्या कामात उठून कॉफी करून आली आणि मग काम संपवलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोरिए आला. नवं नारिंगी जाकीट, नवे बूट, आणि हातात पापांची रायफल. नव्या चकचकीत दस्त्याची, वर दुर्बिणीचं ओझं घेतलेली. ओळख पटायला लुदिविनला एक क्षण लागला.

"पापांची ती जागा दाखव ना, बुंध्याची," तो म्हणाला. "तिथून मारायचं पापांच्या रायफलने. बस, तेवढंच."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण पापांच्या जंगलात आपण कशा चालतो हे त्याने एकदा तरी बघावं, असंही तिला कुठेतरी वाटत होतं. ती हो म्हणाली.

पहाटे उजाडता उजाडता तिने त्याला बुंध्यावर बसवलं. पाऊलभर बर्फ पडलेला होता. "मी वळसा घालून उत्तरेकडून येते. त्या फरच्या दाटीतून हळूहळू चालत येईन, म्हणजे हरणं उठतील आणि नाल्याकडे उतरतील. दहा वाजेपर्यंत गोळी फक्त नाल्याच्या बाजूला. फरच्या बाजूला अजिबात नाही. कळलं?"

"कळलं गं. मी काय लहान आहे?"

साडेनऊला ती फरच्या दाटीत होती. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, कान द्यायचे. अचानक बाजूला फांदी मोडल्यासारखं कडाडलं आणि त्याच दमात गोळीचा आवाज आला. वरचा बर्फ तिच्या मानेवर कोसळला. ती मटकन खाली बसली. काय झालं ते बसल्यानंतर कळलं.

"लोरिए!" ती ओरडली. "मी आहे! इकडे मी आहे!"

"चुकली!" तिकडून आवाज आला. "च्यायला, चुकली!"

ती पोहोचली तेव्हा तो दुर्बिणीच्या काचेवरचा बर्फ बोटाने पुसत होता. "केवढा नर होता! शिंगं बघितली मी."

हरीण उभं होतं ती जागा तिने शोधली. बर्फावर केसांचा पुंजका आणि काळपट रक्त. काळपट म्हणजे पोटात. "लागलीय," ती म्हणाली.

"नसेल गं. आणि माझे पाय पार भिजलेत. मी गाडीत बसतो. तू बघ ना, तुला त्यातलं कळतं."

ती एकटी मागावर निघाली. एका हातात बंदूक, दुसऱ्या हाताने फांद्या बाजूला सारत, कधी वाकून, कधी गुडघ्यांवर. चार तास. बंदूक कुठे म्हणून अडकली नाही. हरीण तीनदा बसलं होतं, तीनदा उठलं होतं. चौथ्यांदा उठू शकलं नाही. उन्मळलेल्या देवदाराच्या मुळाशी ते पडलेलं होतं आणि मान वर करून तिच्याकडे बघत होतं. शिंगं नव्हती. मादी होती.

नव्या बंदुकीची जंगलातली पहिली गोळी तिने अशी खर्च केली.

परतताना ती मुद्दाम फरच्या दाटीतून आली. एक कोवळं झाड छातीच्या उंचीवर तुटलेलं होतं, गाभा पांढरा उघडा पडलेला. तिथपासून स्वतःच्या सकाळच्या पावलांपर्यंत तिने अंतर मोजलं. अकरा पावलं.

गाडीत हीटर लावून लोरिए पेंगत होता. तिने दार उघडलं.

"मादी आहे."

तो डोळे चोळत सरळ बसला. "फांद्या असतील मग. मला शिंगं वाटली." मग त्याचा चेहरा उजळला. "पण मादी मारायचा परवाना सोडतीत तुला लागलाय ना? मग झालं की! शेवटची गोळी तुझीच. शिकारीचा टॅग तुझ्या नावाचा लाव, कुणाला काय कळतंय."

"तू माझ्या दिशेने गोळी घातलीस, लोरिए."

"काहीतरी हललं."

"ते मी असते तर?"

"पण नव्हतीस ना!"

ती गाडी चालवत घरी आली. स्वयंपाकघरात लोरिएने सकाळची धिरडी गरम करून खायला घेतली. तिने भिंतीवरचा फोन उचलला, तेव्हा त्याला वाटलं, फेर्नांला सांगतेय. तिने वनरक्षकाला बोलावलं होतं.

तार्दीफ नावाचा तरुण वनरक्षक अंधार पडायच्या आत आला. त्याने मादी पाहिली, तुटलेलं झाड पाहिलं, पावलं मोजली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःच्या गोळीसकट. तार्दीफने लोरिएचा परवाना काढून घेतला आणि पापांच्या रायफलला चिठ्ठी बांधून ती आपल्या गाडीत ठेवली. रायफलकडे लुदिविनने एकदाच पाहिलं.

"एका बंदुकीसाठी?" लोरिएचा आवाज कापत होता. "सख्ख्या भावाला?"

"बंदुकीसाठी नाही."

"मग कशासाठी? पापा गेले त्या दिवसापासून तुझा जीव तिच्यात अडकलाय. मला मिळाली हे तुला बघवत नाही. खरं सांग!"

तिच्याकडे उत्तर होतं. अकरा पावलं. पण ते तिच्या तोंडातून वेळेवर निघालं नाही, आणि तो बॅग उचलून गेला.

लोरिएला दंड झाला, परवाना काही वर्षांसाठी गेला, रायफल सरकारजमा झाली. गावात मात्र निकाल वेगळाच लागला. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा मोकळी राहू लागली. लोरिएच्या बायकोने फोन करून विचारलं, "तुमच्या घरात असंच करतात का हो?" आणि उत्तराची वाट न बघता ठेवला. ओनेझिम दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आल्सीद असता तर टॅग लावून मोकळा झाला असता." लुदिविनला माहीत होतं की पापांनी तसं केलं नसतं. दिसल्याशिवाय मारू नये हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. पण ते आता सांगणार कोण?

पोरं उतरल्यावर रिकामी बस परत आणताना ती स्वतःलाच विचारायची: त्याच्या हातात दुसरी कुठलीही बंदूक असती, तर आपण फोन केला असता का? बहुतेक दिवशी उत्तर हो असायचं. काही दिवशी नसायचं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी ती एकटीच गेली. फरच्या दाटीत आठ पावलांवर एक तरुण नर उभा राहिला, शिंगं स्पष्ट. बंदूक आपोआप खांद्याला आली आणि एका गोळीत तो जागच्या जागी कोसळला. इतकी चोख शिकार तिने आयुष्यात केली नव्हती. फेर्नांच्या दुकानातच शिकारीची सरकारी नोंद होते, तिथे नेली, तेव्हा फेर्नांने वजन लिहून घेतलं आणि "बरा आहे" म्हणाला. एरवी अशा वेळी सगळे बाहेर येऊन हरणाभोवती उभे राहतात. त्या दिवशी सगळ्यांना शेकोटीची ऊब सोडवेना.

एप्रिलमध्ये फेर्नांनेच तिला बसजवळ गाठलं. "जप्तीच्या बंदुकांचा लिलाव आहे. तुझ्या पापांची निघतेय. मी जाणारच आहे, तुझ्यासाठी बोली लावू?"

तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "घेतली तर म्हणतील, बघा, यासाठीच केलं."

"ते आत्ताही तेच म्हणतात."

"माहीत आहे."

"मग घे की!"

तिने समोरची काच बाहीने पुसली. "नको," ती म्हणाली.

लिलावानंतरच्या सोमवारी तो पुन्हा आला. रायफल किनाऱ्याकडच्या कुणा माणसाने घेतली होती. त्याची तिकडे पाहुण्यांसाठी लाकडी घरं आहेत, त्यांतल्या एका भिंतीवर टांगणार म्हणे.

"कुणाची होती म्हणून विचारत होता," फेर्नां म्हणाला. "मी म्हटलं, माहीत नाही."

"बरं केलंस."

त्याला अजून काही बोलायचं असावं, कारण तो बसच्या दारातून हलत नव्हता. पण शाळेची घंटा झाली, पोरं ओरडत धावत आली, आणि तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.