रुमालातले घड्याळ

कादंबरी जुनी होती, मुले नवी. आणि मध्ये मी, ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कधी धड पोचला नाही. म्हणून व्यक्तिचित्रण शिकवण्यासाठी मी एक खेळ काढला होता. पात्राचे नाव घ्यायचे नाही, ‘दुष्ट’, ‘प्रेमळ’ अशी विशेषणे लावायची नाहीत. माणूस काय करतो तेवढेच सांगायचे. वर्गाने ओळखायचे.

खिडकीजवळची, एरवी मूग गिळून बसणारी मुलगी त्या दिवशी आपणहून उभी राहिली.

“ते घरी आले की आधी घड्याळ काढतात. रुमालात गुंडाळतात. मग दार लावतात.”

“सावकार!” कोणीतरी ओरडले.

“हट्! सावकार वेळसुद्धा दुसऱ्याच्या घड्याळात बघतो, फुकटात!”

वर्ग खिदळला.

“पण रुमालात कशाला गं?”

“मारताना काच फुटू नये म्हणून.”

हसू विरले. पहिल्या बाकावरचा शहाणा पाने चाळून म्हणाला, “सर, असं कोणी कादंबरीत नाहीच. ही हरली!”

ती खाली बसली. तास संपल्यावर थांब, एवढेच मला सुचले.

वर्ग रिकामा झाला. मी शब्द जुळवत होतो, तोच ती म्हणाली, “कादंबरीतलंच समजा ना, सर.”

दारात तिचे वडील उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, मऊ हसू.

“काय सर, काय दिवे लावले आमच्या कन्येने? खाली मैत्रिणी सांगत होत्या, घड्याळाची मोठी गंमत झाली म्हणे.”

बोलता बोलता त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला. खिशातून रुमाल निघाला.

“ती आज घरी येणार नाही,” मी म्हणालो, आणि बाहेर वळून मुख्याध्यापिकांना अशी हाक मारली की व्हरांड्याच्या टोकाचे दार उघडले. बाई धावत आल्या. मुलीला पाठीशी घालून त्यांनी पोलिसांना फोन लावला.

वडील वाद घालत बसले नाहीत. त्यांनी रुमालाला नीट गाठ मारली आणि ते जिना उतरू लागले.

“सर,” मुलगी बाईंच्या आडून किंचाळली, “आई घरी एकटी आहे!”

मी त्यांच्या मागे धावत सुटलो.