झऱ्याचं कुंड कोणी घासलं

किसेलोवमध्ये पाहुणे येणार म्हटलं की आधी खिडक्या. मग पडदे, मग जिना, आणि शेवटी कपाटामागची भिंत, जिथे पाहुणा काय, घरचा माणूससुद्धा कधी डोकावत नाही. इथली बाई मरायला टेकली तरी आधी फरशी पुसेल आणि मगच डोळे मिटेल. लिबुशे या बाबतीत गावात सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे इव्होनाने सोमवारी तिला जे सांगितलं, ते दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"मावशी, गुरुवारी दहा वाजता प्रागहून वारसा खात्याच्या बाई येतायत. दालन सगळं नीट असू दे हं," एवढंच सांगून इव्होना कामानिमित्त गुरुवारपर्यंत पिल्झनला निघून गेली.

इव्होना झऱ्याच्या दालनाची व्यवस्थापक. लिबुशेच्या शेजारच्या घरातच लहानाची मोठी झालेली, म्हणून मावशी. लिबुशे त्या दालनात पाणी ओतणारी. सकाळी लोक आपापले चोचीचे पेले घेऊन यायचे. लिबुशे लांब दांड्याच्या कड्यात पेला अडकवायची, कुंडात बुडवायची आणि भरून परत द्यायची. मग चोचीने घोट घोट ओढत दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. चोच एवढ्यासाठी, की पाण्यात लोखंड फार. दातांना लागलं की दात काळे. आणि बसून प्यायचं नाही. बसून प्यायची ती बिअर, असं लिबुशेची सासू म्हणायची.

दालन बांधलं ऑस्ट्रियाच्या कैसरच्या काळात. बिडाचे बारीक खांब, वर लाकडी छत, बागेच्या अंगाला पूर्ण काच. बांधणाऱ्याने लांबी अशी धरली होती की रमतगमत दोन फेऱ्यांत एक पेला संपावा. पुढे महायुद्धात तिथे तोफगोळे ठेवले, नंतर सहकारी सोसायटीने बटाटे ठेवले, मग कामगार संघटनांच्या सहली आल्या आणि त्याही बंद झाल्या. आता एका हॉटेलवाल्याची नजर होती. काचेच्या बाजूला टेबलं, कुंडाच्या जागी पिझ्झाची भट्टी, असा त्याचा बेत. महिनाअखेरीस नगरपालिका ठरवणार होती. प्रागच्या बाईंनी दालन वारसा म्हणून नोंदवलं, तरच ते वाचणार होतं.

लिबुशेचा त्या दालनावर नवऱ्यापेक्षा जास्त जीव होता. नवऱ्यालाही ते ठाऊक होतं आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती.

गुरुवारी आठ वाजता इव्होना आली, दारातून सरळ कुंडापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. कुंड चकचकीत होतं. ग्रॅनाइटचा दाणा न् दाणा दिसत होता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "याच्यावरचा तांबडा थर कुठे गेला?"

"गेला एकदाचा!" लिबुशे पदराला हात पुसावेत तशी ॲप्रनला हात पुसत म्हणाली. "दोन दिवस व्हिनेगर आणि तारेचा ब्रश. खांदे निखळायचे बाकी राहिलेत बघ. लाज वाटायची गं मला, लोकांना त्या गंजातलं पाणी द्यायची."

"अगं, तो गंज नव्हता! दीडशे वर्षांचं पाणी होतं ते. थरावर थर बसलेला. काल त्या बाईंनी फोन केला, तर पहिला प्रश्न हाच: कुंडावरचा थर शाबूत आहे ना? बाकी सगळीकडे स्टीलचे नळ आलेत, म्हणाल्या, असं कुंड कुठे राहिलं नाही. मी मोठ्या तोंडाने सांगितलं, कैसरच्या काळापासून कुणी बोट लावलेलं नाही!"

लिबुशे मटकन बाकावर बसली. करायला गेलो काय आणि झालं काय! तिच्या हाताला अजून व्हिनेगरचा वास येत होता, आणि तो तिला आता नकोसा झाला.

"कांद्याची सालं उकळू का?" ती म्हणाली. "ईस्टरला अंडी रंगवतो तशी. छान तांबूस रंग येतो. पटकन फासून..."

"मावशी! कुंड म्हणजे अंडं आहे का?"

"मग चहा?"

"गप्प बस, देवासाठी गप्प बस." इव्होनाने कपाळ दाबून धरलं. "हे बघ, जे झालं ते झालं. आता एकच सांग. आणखी काय काय साफ केलंस?"

"खिडक्या. खांब पुसले. पेले टांगायचे पितळी आकडे घासले. दाराच्या बिजागऱ्यांना तेल..." लिबुशे बोटांवर मोजत होती, ती मध्येच थांबली. 

"काय?"

"माझी जागा."

कुंडाच्या पलीकडे, कठड्याच्या आत, ओतणारी उभी राहते तिथे रेतीच्या दगडाची एक लादी होती. तिच्यात दोन खड्डे पडले होते, उजव्या-डाव्या पावलांचे, चांगले चार चार बोटं खोल. लिबुशेला ते दरिद्री दिसायचे. म्हणून ती त्यावर रबराची चटई टाकून ठेवायची. पण प्रागच्या बाईंनी चटई उचलून बघितली तर? म्हणून तिने ओल्दाला, म्हणजे नवऱ्याला, सांगून ठेवलं होतं: गुरुवारी सकाळी सिमेंट आण आणि ते बुजवून टाक.

"ओल्दाकाका ना?" हे ऐकून इव्होनाचा जीव जरा भांड्यात पडला. "मग काळजी नाही. स्वयंपाकघरातली फळी लावायला त्यांना चार वर्षं लागली होती."

दोघी कठड्याला वळसा घालून आत गेल्या, तर ओल्दा गुडघ्यांवर बसलेला. बाजूला बादली, हातात थापी. चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. एक खड्डा गुळगुळीत भरून झाला होता.

"बघ," तो अभिमानाने म्हणाला, "म्हणायला नको की ओल्दा वेळेवर येत नाही. मागच्या दाराने आलो, म्हटलं तुमच्या गप्पांत कशाला व्यत्यय!"

"मेल्या, आजच बरा तुला हुरूप आला!" लिबुशे ओरडली आणि त्याला ढकलून खालीच बसली. दोन्ही हात तिने ओल्या सिमेंटमध्ये घातले आणि ती ते ओंजळीने बाहेर काढू लागली. ओल्दा थापी धरून बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वेळेवर काम केल्याबद्दल शिवी त्याने पहिल्यांदाच खाल्ली.

"इथे दुरुस्ती चालू आहे का?" मागून आवाज आला.

वारसा खात्याच्या झेलेनकोवाबाई आधीच्या बसने आल्या होत्या. पावसाळी कोट, खांद्याला पिशवी, पायात चांगले चालायचे बूट. इव्होनाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. लिबुशेच्याही मनात येऊन गेलं, की नळ फुटला म्हणावं, उंदीर म्हणावं, काहीही म्हणावं. पण कोपरापर्यंत सिमेंट असताना माणूस खोटं तरी काय बोलणार?

"दुरुस्ती नाही, माझा मूर्खपणा," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून कुंड मी घासलं. इव्होनाला काही माहीत नव्हतं. आणि हे खड्डे बुजवायला पण मीच सांगितलं होतं. आता उकरतेय."

झेलेनकोवाबाई कुंडापाशी गेल्या. घासलेल्या दगडावरून त्यांनी हात फिरवला. 

"तो थर आता तुमच्या-माझ्या हयातीत परत यायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "कुंडाबद्दल मला काही लिहिता येणार नाही."

लिबुशेला रडू फुटलं. हात भरलेले, डोळेही पुसता येईनात.

"हे खड्डे कुणाचे?" बाईंनी विचारलं.

"माझे. म्हणजे माझे एकटीचे नाहीत. माझ्या आधी सासू उभी राहायची. तिच्या आधी रेझी म्हणून एक जर्मन बाई होती, आणि तिच्या आधी तिची आई. लढाईनंतर जर्मनांना गावातून घालवलं ना, त्या उन्हाळ्यात रेझीने सासूला शिकवलं. पुढच्या आठवड्यात तिला कायमची घेऊन जाणारी गाडी होती. सासूला जर्मन येईना, रेझीला चेक येईना. तिने सासूचे खांदे धरले आणि इथे उभं केलं. बस, एवढंच शिकवणं."

"धुऊन काढा," बाई म्हणाल्या.

ओल्दाने झऱ्याचं पाणी आणलं. खड्डा धुतला, पुन्हा धुतला. तळाशी थोडी करडी छटा राहिली ती राहिलीच. झेलेनकोवाबाईंनी वाकून दोन्ही खड्डे पाहिले, मग छत पाहिलं, खांब पाहिले, दालनाच्या मधोमध गुळगुळीत झालेली फेऱ्यांची वाट त्या चालून आल्या. परत आल्या तेव्हा राग गेलेला नव्हता, पण कमी झाला होता.

"दालन मी नोंदवते," त्या म्हणाल्या. "खांबांसाठी, वाटेसाठी आणि या लादीसाठी. हॉटेलवाल्याला इथे खिळासुद्धा मारता येणार नाही. पण एक ऐकून ठेवा. ओतणारी असेल तर हे झऱ्याचं दालन. नसेल तर नुसतं छप्पर, आणि छपराला कुणी पैसे देत नाही. हॉटेलवाला गप्प बसेल आणि ते कोसळायची वाट बघेल. तुमच्यानंतर कोण?"

 ऑगस्टमध्ये लिबुशे निवृत्त होणार होती. तिच्या गुडघ्यांना आता दोन तासांच्या वर उभं राहवत नव्हतं. जागेची जाहिरात दोनदा लावून झाली होती. एक मुलगी आली होती, आणि बसायला खुर्ची नाही म्हटल्यावर गेली.

"मी अजून..." लिबुशेने सुरुवात केली, तर ओल्दाने तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. तिने वाक्य अर्धवट सोडलं.

इव्होना त्या खड्ड्यांकडे बघत होती. मग ती वाकली, उंच टाचांचे बूट काढले, मोजे काढले आणि लादीवर चढली.

"आई गं, बर्फ आहे नुसता!"

"सरळ उभी राहा. डावा पाय मागे," लिबुशेने मागून तिचे खांदे धरले. "हं. आता जमलं."

झेलेनकोवाबाईंनी पिशवीतून आपला चोचीचा पेला काढला आणि पुढे केला. इव्होनाने तो कड्यात अडकवला, दांडा कुंडात घातला आणि वर काढताना अर्धं पाणी बाईंच्या कोटावर सांडलं. लिबुशेचा हात आपसूक दांड्याकडे गेला. तिने तो मागे घेतला.

"पुन्हा भर," ती म्हणाली.