घासूनपुसून ठेवलेली किटली

प्रत्येक इमारतीत असं एखादं घर असतंच, जिथे आत पाऊल टाकण्याआधी आपण गुपचूप स्वतःचे तळवे बघून घेतो. तिसऱ्या मजल्यावरच्या चकाचक वहिनींचं घर त्यातलं. हे नाव अर्थात शेजाऱ्यांनी ठेवलेलं, तेही त्यांच्या माघारी. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. दिवसभर काचा पुसायच्या आणि घरी येऊन उरलेलं जग पुसायला घ्यायचं, असा त्यांचा खाक्या!

घाणीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, आणि तो पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. जिन्यात कुणी थुंकलं की "शी!" वरच्या गॅलरीतून कुणी केर झटकला की "शी! आपलं घर झाडायचं आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर टाकायचं! माणसं आहेत की कोण?" त्यांचं चुकत होतं असं कुणीच म्हणणार नाही. अशी माणसं आपल्यातही आहेत, आणि त्यांची किळस यायलाच हवी.

एके दिवशी वहिनींच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. त्यांच्याकडच्या विजेच्या किटलीची मूठ तापल्यावर सैल होऊन निखळू शकते. वापर ताबडतोब थांबवा, किटली सर्व्हिस सेंटरमध्ये आणून द्या, बदली किटली किंवा पैसे मिळतील. वहिनींनी किटलीचा प्लग लगेच काढला. घाबरल्याच त्या! उकळतं पाणी पायावर सांडलं तर?

पण सर्व्हिस सेंटर त्यांनी एकदा पाहिलं होतं. कळकट काउंटर, भिंतीला तेलकट डाग, ही लांब रांग. "कोण जाऊन उभं राहणार त्या उकिरड्यात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यापेक्षा खालच्या फळीवर ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

ही फळी इमारतीच्या दारात, टपालाच्या पेट्यांखाली होती. आपल्याला नको ते तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्यानं न्यायचं. मोठी चांगली पद्धत! पण वहिनी काही मळकी वस्तू ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी किटली लिंबाच्या पाण्यानं आतून धुऊन घेतली, बाहेरून घासली, पुसली. बुडाशी एक स्टिकर होता, कडा काळवंडलेल्या, अर्धवट सुटलेला. तो त्यांनी नखानं खरवडला आणि उरलेला डिंक तेलाच्या बोळ्यानं काढला. किटली आरशासारखी झाली. संध्याकाळपर्यंत ती कुणीतरी नेलीसुद्धा. दानाचं समाधान घेऊन वहिनी दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी किटली घेऊन आल्या.

रविवारी थोरल्या जाऊबाई आल्या. त्या मोठ्या रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स. बोलणं हळू, पण एकदा धरलेला मुद्दा सोडायच्या नाहीत.

"नवी घेतलीस वाटतं?" चहाचा कप हातात घेत त्यांनी विचारलं. "जुनी काय झाली?"

वहिनींनी सगळं सांगितलं, अगदी लिंबाच्या पाण्यासकट. जाऊबाईंनी कप खाली ठेवला.

"कुणी नेली?"

"काय माहीत? नेली कुणीतरी."

"निरोपाबद्दल चिठ्ठी लावली होतीस?"

"चिठ्ठी लावली असती तर कुणी नेली असती का, ताई?"

बोलून गेल्या आणि त्यांनाच कसंसं झालं.

"तू स्वतः ती वापरायला घाबरलीस," जाऊबाई म्हणाल्या. "बरोबर केलंस. मग दुसऱ्याला देताना का नाही घाबरलीस? त्याच्या पायाची कातडी काय वेगळी असते? अगं, आमच्याकडे येणारी माणसं काही आगीतच सापडलेली नसतात. निम्मी तर स्वयंपाकघरातून येतात. मलमपट्टी बदलताना ती ज्या आवाजात ओरडतात ना, तो आवाज तुला ऐकवायला हवा."

"पण मी चांगल्या मनानं..."

"चांगल्या मनानं तू केर खाली झटकलास. फक्त आधी पॉलिश करून."

वहिनींचा चेहरा पडला. "आणि तो स्टिकर?" जाऊबाईंनी विचारलं. "त्यावरच मॉडेलचा नंबर असतो. उद्या नेणाऱ्यानं ही बातमी वाचली, तरी आपली किटली तीच हे त्याला कळणार कसं?"

वहिनी उठल्या. पायात चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. दोघींनी एकेक दार ठोठावत विचारायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या ब्यूटी पार्लरवालीनं दार उघडलं. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"किटली? हो, मीच नेली होती," ती म्हणाली. "बायकांच्या पायांना गरम पाणी लागतं ना. परवा ओतताना हातातून निसटली. माझंच लक्ष नसणार. नशीब, समोर बसलेल्या बाईंचे पाय अजून टबात ठेवायचे होते!" मग ती कौतुकानं पुढे म्हणाली, "तुमची होती होय? तरीच! इतकी स्वच्छ होती की डोळे मिटून नेली. म्हटलं, कुणातरी नीटनेटक्या माणसाची दिसतेय."

शी! वहिनींच्या जिभेवर तो शब्द आला, आणि कुणाला म्हणावा ते कळेना. त्या पार्लरवालीच्या हातांकडे बघू लागल्या. या हातांवर तिचं घर चालत होतं, आणि ती स्वतःलाच दोष देत बसली होती.

"तुझी चूक नाही गं," जाऊबाईंनी तिची पट्टी पाहत सांगितलं. "आता कुठाय ती किटली?"

"मूठ जरा हलत होती, म्हणून चिकटपट्टी गुंडाळली आणि सकाळीच फळीवर ठेवली. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

तेच वाक्य! शब्दाला शब्द! वहिनी जिना धडाधड उतरल्या. खाली निवृत्त पोस्टमास्तर काका किटली हातात घेऊन निघालेच होते. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या शेकासाठी रोज पाणी तापवावं लागायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, ठेवा ती! ठेवा आधी!" वहिनी किंचाळल्या.

काका दचकले. किटलीला हिसका बसला, चिकटपट्टी सुटली आणि मूठ त्यांच्या हातात राहून किटली फरशीवर खणखणत गेली. रिकामी होती. पलंगाशेजारी ती भरलेली असती, तर ज्यांना कूससुद्धा बदलता येत नाही त्या काकू कुठे सरकणार होत्या?

वहिनी तिथेच पायरीवर बसून रडल्या. मग त्यांनी काकांना आणि वर जाऊन पार्लरवालीला खरं काय ते सांगितलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," एवढंच पार्लरवाली म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानातून सुट्टी घेऊन त्या कळकट सर्व्हिस सेंटरच्या रांगेत उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या माणसानं किटली उलटी केली.

"बाई, खालचा स्टिकर कुठंय?"

"मी काढला."

"का?"

"घाण दिसत होता म्हणून."

आजूबाजूचा एकही डाग त्यांना त्या वेळी दिसला नाही. स्वतःच्या वाक्याचीच त्यांना किळस येत होती. सुदैवानं खोका त्यांनी जपून ठेवला होता आणि त्यावर नंबर होता. किटलीनं एक हात भाजला आहे, हेही त्यांनी तिथे नोंदवायला लावलं. बदली किटली त्यांनी काकांकडे पोचवली. पार्लरवालीचा हात बरा होईपर्यंत त्या रोज कामावरून सुटल्यावर तिच्याकडे जाऊन टब घासत होत्या. ती पहिले काही दिवस त्यांच्याशी बोललीच नाही. तो तिचा हक्क होता.

मंडळी, वस्तू परत मागवल्याचा निरोप आला की कंटाळा करू नका. नंबर ताडून पाहा, वापर तिथल्या तिथे थांबवा आणि वस्तू जिथे परत करायला सांगितली आहे तिथेच द्या. कुणाला इजा झाली असेल तर कळवा. स्टिकर खरवडू नका, खोका टाकू नका. आणि जी वस्तू आपल्या घरात ठेवायची भीती वाटते, ती विकू नका, वाटू नका, फळीवर ठेवू नका. दुसऱ्याच्या घरात धोका सोडून येणं ही जिन्यात थुंकण्याहून मोठी घाण आहे, मग ती कितीही चकचकीत असो!

खालच्या फळीवर आता वहिनींच्या अक्षरात एक पाटी आहे: 'जे तुम्ही स्वतः वापरायला घाबरता, ते इथे ठेवू नका.' ती पाटी पुसायला मात्र वहिनी अजून स्वतःच येतात, आणि पुसताना दर वेळी ती पुन्हा वाचतात.