दहावी पास, बारावीच्या वर नको

मिस्त्रींच्या घरात शिक्षण पिढीगणिक वाढत गेलं, नोकरी मात्र तीच राहिली. त्यांचे वडील चौथी शिकलेले. सही करता येते एवढ्यावर त्यांना हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात बॉयलरवर मदतनीस म्हणून घेतलं होतं. मिस्त्रींच्या वेळी त्याच जागेला दहावी लागली. ते गल्लीतले पहिले दहावी पास. अर्ज लिहून घ्यायला लोक दारात उभे राहायचे. आता गल्लीत पदवी नसलेला पुरुष एकच उरला होता, आणि दर महिन्याला नेमानं पगार आणणाराही तोच.

मुलगा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. त्याला चार वर्षं झाली. गल्लीत त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, आधी कौतुकानं, मग दात काढून.

मिस्त्री महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. निवृत्त होणाऱ्याच्या मुलाला मदतनिसाची जागा मिळायची, पण एकदाच, आणि एका अटीवर: शिक्षण दहावी, फार तर बारावी. आधी घेतलेले दोन पदवीधर सहा महिन्यांत पळाले होते, तेव्हापासूनची ही अट. मग मिस्त्रींनी मुलाची सर्टिफिकेटं ट्रंकेच्या तळाशी घातली आणि आठवडाभर त्याची तयारी करून घेतली.

“दहावीनंतर काय करत होतास?”

“घरी होतो.”

“अकरा वर्षं?”

“उनाडक्या केल्या.”

“हां. पण जरा लाजून सांग. भाषण दिल्यासारखं काय सांगतोस?”

“पोराला शिकवण्यात आयुष्य घातलंत,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आता अडाणी करायलाही तुम्हीच बसा.”

चाचणी बॉयलरच्या खोलीतच होती. तोंडी प्रश्न कसेबसे निभावले. मग इंजिनियरसाहेबांनी एक कागद पुढे केला. “वाफेचा दाब किती आहे, बघून लिही.”

मुलगा तबकडीसमोर गेला. डोळा काट्याच्या बरोबर समोर येईल इतका गुडघ्यात वाकला. दुसरा डोळा मिटला. थांबला, काटा थरथरतोय का ते पाहिलं, पुन्हा वाचलं. मिस्त्री दाराशी उभे राहून बघत होते. तीस वर्षांत या खोलीत कुणी काट्यासाठी गुडघे वाकवले नव्हते. येताजाता नजर टाकायची आणि वहीत ‘चार’ लिहायचं, एवढंच काम.

पोरानं प्रयोगशाळेतल्या सवयीनं, चूक किती असू शकते त्यासकट लिहिलं: ४.२ ± ०.१.

साहेब कागदाकडे बघत राहिले. “हे कुणी शिकवलं?”

मुलाला आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. मिस्त्री पुढे झाले. “मीच, साहेब. घरी सराव घेतला होता.”

“असं? मग हे चिन्ह कसलं?”

मिस्त्रींनी चष्मा सारखा केला. अधिकचं चिन्ह ओळखू आलं. त्याच्या खालच्या रेघेचं काय करावं, कळेना.

“ती रेघ... हात घसरला असेल, साहेब. नवखा आहे.”

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. मुलानं वडिलांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“हो,” तो म्हणाला. “हात घसरला. बाबा म्हणतात ते बरोबर आहे.”

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “मी स्वतः एम.टेक. आहे बाबा रे. दिवसभर साबणाच्या गोण्यांवर सह्या करतो. ती अट काही मी घातलेली नाही.” त्यांनी कोरा कागद काढला. “घे. इथली माणसं लिहितात तसं लिही.”

मुलानं तबकडीकडे न बघता, उभ्या उभ्या ‘४’ लिहिलं. आकडा मुद्दाम वेडावाकडा काढला.

नोंदीखाली ‘बरोबर आहे’ असं लिहून जुन्या कामगारानं सही करायची पद्धत होती. मिस्त्रींनी पेन घेतलं आणि एकदा काट्याकडे पाहिलं. तो चारच्या पुढे दोन बारीक रेघा सरकून उभा होता. रोजच असेल बहुतेक.

“करा ना सही, बाबा,” मुलगा म्हणाला. “आता तरी जमलं ना?”

मिस्त्रींनी सही केली. साहेबांनी फायलीत शिक्षणाच्या रकान्यात ‘दहावी’ लिहिलं आणि ते नीट उठावं म्हणून पुन्हा एकदा गिरवलं.